नोट कापसाची, किंमत विश्वासाची

देवळाली कॅम्पातून नाशिकरोडला जायला फार वेळ लागत नाही. तिथे जेलरोडच्या बाजूला उंच भिंतीआड देशाच्या नोटा छापणारा कारखाना आहे. सरकारी दप्तरात त्याचे नाव करन्सी नोट प्रेस. आपल्याकडे लहानथोर सारे त्याला नुसते 'प्रेस' म्हणतात. या प्रेसवर आणि शेजारच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसवर देवळाली-नाशिकरोडच्या कितीतरी घरांचे संसार उभे राहिले. त्यात आपल्या समाजाचीही घरे आहेत.

त्यामुळे आपल्या वस्तीतील मुले एक प्रश्न हटकून विचारतात. नोटा जर आपल्याच गावाशेजारी छापतात, तर सरकार थोड्या जास्त छापून गरिबांना का वाटून देत नाही? मोठी माणसे हसून वेळ मारून नेतात. पण बंधूंनो आणि भगिनींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये दिवसरात्र अभ्यास करून ज्या विषयावर प्रबंध लिहिला, त्या विषयाच्या दाराशी हे मूल उभे असते. म्हणून आम्ही आज त्याचे उत्तर आमच्या परीने देण्याचे योजिले आहे.

नोट कशाची बनते?

नोटेला आपण कागद म्हणतो, पण वहीचा कागद आणि नोटेचा कागद यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वहीचा कागद लाकूड, बांबू यांच्या लगद्यापासून होतो. आपल्या देशातील नोटेचा कागद शंभर टक्के कापसाचा असतो. कापूस विंचरल्यावर मागे राहणारे आखूड तंतू शिजवून, कुटून त्यांचा लगदा करतात आणि त्यापासून हा कागद तयार होतो. म्हणून खिशात राहिलेली नोट कपड्यांबरोबर धुतली गेली तरी तिचा लगदा होत नाही. वाळवली की ती पुन्हा नोटच राहते. आमच्या मायभगिनींना हा अनुभव नवा नाही. नोट ही एका अर्थाने कापडाचीच बहीण आहे.

कागद तयार होत असतानाच त्यात पाणचिन्ह उठवतात आणि सुरक्षा धागा ओवतात. छपाई नंतर होते. म्हणून खऱ्या नोटेचे पाणचिन्ह उजेडाकडे धरल्यावर आतून दिसते, वरून चिकटवल्यासारखे वाटत नाही. मग प्रेसमध्ये आधी पार्श्वभूमीचे बारीक रंगकाम छापतात. त्यावर मोठा दाब देऊन उठावदार छपाई होते, ती बोटाला खरखरीत लागते. पुढे क्रमांक घालणे, तपासणे, कापणे आणि गड्ड्या बांधणे. एकेक ताव मोजला जातो, बिघडलेल्या तावाचाही हिशेब द्यावा लागतो.

पूर्वी हिंदुस्थान सरकारच्या नोटा विलायतेत छापून बोटीने येत. नाशिकरोडला नोटांची छपाई १९२८ साली सुरू झाली आणि १९३२ पर्यंत सर्व प्रकारच्या नोटा येथेच छापल्या जाऊ लागल्या. पुढे सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशातील देवास येथे आणि नव्वदच्या दशकात म्हैसूर व पश्चिम बंगालमधील सालबोनी येथे छापखाने निघाले. कागदासाठी होशंगाबादला गिरणी उभी राहिली. त्या गावाला आता नर्मदापुरम म्हणतात. अलीकडे म्हैसूरलाही कागदाची गिरणी झाली आहे. आपले प्रेस २००६ पासून सरकारी महामंडळाकडे आहे.

छापली म्हणजे पैसा झाला का?

नाही. प्रेसच्या भिंतीआड जी नोट तयार होते ती अजून पैसा नसते, तो चांगला छापलेला कागद असतो. रिझर्व्ह बँक ती चलनात आणते तेव्हा ती पैसा होते. ज्यांनी जमाखर्च लिहिला आहे त्यांना एक गोष्ट लगेच कळेल. चलनात आलेली प्रत्येक नोट रिझर्व्ह बँकेच्या वहीत देणे म्हणून लिहिली जाते, आणि त्या देण्यासमोर सोने, परदेशी रोखे, सरकारी रोखे अशी मालमत्ता दाखवावी लागते. नोटेवर धारकास अमुक रुपये अदा करण्याचे वचन गव्हर्नरच्या सहीने छापलेले असते ते याचसाठी. एक रुपयाची नोट तेवढी भारत सरकारची असते, तिच्यावर अर्थ सचिवाची सही असते.

पुष्कळांना वाटते की जेवढ्या नोटा तेवढे सोने तिजोरीत असते. तसे आता नाही. १९५७ सालापासून कायद्याने किमान २०० कोटी रुपयांचा साठा पुरतो आणि त्यात ११५ कोटींचे सोने असावे लागते. मार्च २०२४ अखेर चलनातील नोटांची किंमत सुमारे ३४.८ लाख कोटी रुपये होती. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँकेकडे सोने या किमान मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त आहे. तरीही नोट घेऊन गेलात तर तिच्या बदल्यात सोने मिळणार नाही. मग नोट चालते कशावर? कायद्यावर आणि लोकांच्या विश्वासावर. भाजीवाली नोट घेते, कारण उद्या किराणा दुकानदार तीच नोट घेईल याची तिला खात्री असते.

कागद तोच, पण वचन कोणाचे यावर सारे अवलंबून असते. फाळणीनंतर १९४८ साली पाकिस्तानला स्वतःच्या नोटा छापायला सवड नव्हती. तेव्हा नाशिकरोडलाच आपल्या नोटांवर 'पाकिस्तान सरकार' अशी अक्षरे उमटवून त्या तिकडे चालवल्या गेल्या. चार अक्षरांनी नोटेचा देश बदलला.

त्रिरश्मी लेण्यांतील हिशेब

विश्वासावर पैसा चालवणे हे आपल्या नाशिकला नवीन नाही. त्याचा पुरावा आपल्याच त्रिरश्मी लेण्यांत दगडावर कोरलेला आहे. लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात ती ही बौद्ध लेणी. पायथ्याच्या बुद्धस्मारकाला आपण सहकुटुंब जातो, पण वर दहाव्या लेण्यातील लेख थांबून पाहणारे थोडे.

हा लेख क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे. त्याने भिक्खुसंघासाठी ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दान दिली. पण ती संघाच्या हाती दिली नाहीत. जवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघटनांकडे, ती ठेव म्हणून ठेवली. २,००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे असे लेखात म्हटले आहे.

आता मुलांना पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब करायला सांगा. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ म्हणजे २४०. हिशेब पैचा फरक न राहता जुळतो! राजाच्या जावयाने आपले धन ठेवायला हातमागावर कापड विणणारे कष्टकरी विश्वासाचे मानले, ही गोष्ट आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवावी. पत ही जन्माने येत नाही. वचन पाळणाऱ्याकडे ती येते.

दुसरा पुरावा आपल्या दारणा नदीच्या काठचा. दारणा जिथे गोदावरीला मिळते त्या जोगलटेंभी गावी १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सारी नहपानाची, पण त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. राज्य बदलले, चांदी तीच राहिली, वचन मात्र नव्या राजाचे झाले.

मग वाटेल तेवढ्या नोटा का छापत नाहीत?

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. समजा बाजारात शंभर पायली बाजरी आहे आणि गावातील सर्वांच्या खिशात मिळून ठराविक पैसे आहेत. रात्रीतून सर्वांच्या खिशातील नोटा दुप्पट झाल्या. सकाळी बाजरी मात्र तेवढीच. दुकानदार भाव वाढवणार हे सांगायला नको. नोटा दुप्पट झाल्या, पण कोणाच्याही ताटात भाकरी जास्त आली नाही.

इथपर्यंत पुष्कळजण सांगतात. पण यात सर्वांचे सारखेच नुकसान होत नाही, ही खरी मेख आहे. ज्याच्याकडे जमीन, सोने, माल आहे त्याच्या मालाची किंमत भावाबरोबर वाढते. ज्याच्याकडे फक्त रोजंदारी आहे त्याची मजुरी भावाच्या मागून रखडत येते. भाव आज वाढतो, मजुरी वर्ष-दोन वर्षांनी, तीही भांडून. मधल्या काळात जे हरवते ते मजुराच्या घरातून जाते. म्हाताऱ्या आईने डब्यात साठवलेल्या नोटा तेवढ्याच राहतात, पण त्यांत येणारे धान्य कमी होते. चोर घरात न शिरता झालेली ही चोरी आहे.

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले. त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ डिसेंबर १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. याच प्रबंधावर त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळाली. त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. केन्ससारख्या जगप्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञाचे मत खोडून काढण्यास बाबासाहेब कचरले नाहीत. रुपयाचा पौंडाशी दर काय आहे यापेक्षा रुपयात घरात किती वस्तू येतात हे महत्त्वाचे, आणि चलन किती काढायचे याला पक्की मर्यादा हवी, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच १९२३ साली जर्मनीत सरकारने बेसुमार नोटा छापल्या. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला चार लाख कोटींहून अधिक मार्क पडू लागले. लोकांची जन्माची बचत पावाच्या एका तुकड्याचीही राहिली नाही.

पुढे चलनाचा विचार करण्यासाठी हिल्टन यंग आयोग आला. डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. रुपया स्वस्त केला तर व्यापाऱ्यांचा फायदा होतो, असे तेव्हा मोठमोठे लोक सांगत होते. बाबासाहेबांनी त्या काळात दाखवून दिले की हा फायदा परदेशातून येत नाही. भाव वाढले आणि मजुरी वाढली नाही की तो आपल्याच देशातील कष्टकऱ्याच्या पदरातून व्यापाऱ्याकडे जातो. सरकारच्या मर्जीवर चलन सोडू नये, हेही त्यांनी निक्षून सांगितले. या आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. बाबासाहेबांनी रिझर्व्ह बँक स्थापन केली असे आपण अभिमानाने एका वाक्यात म्हणतो. आमचे सांगणे एवढेच की त्या वाक्यावर न थांबता त्यांनी मजुरीच्या रुपयाची बाजू कशी मांडली ते मुलांना समजावून सांगावे. अभिमान त्याने अधिक सार्थ होईल.

आणखी एक विचार मनात येतो. नाशिकरोडला नोटा छापणे सुरू झाले १९२८ ला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० ला. आपल्या आजा-पणजांचा स्पर्श ज्यांना चालत नव्हता, त्यांना आपल्या हातचा पैसा चालत होता. कोणी तो जमिनीवर ठेवायला लावी, कोणी पाणी शिंपडून घेई, पण टाकून कोणी देत नसे. बाटत होता तो माणूस, पैसा नव्हे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांसह ज्या हजारोंनी तो लढा लढला, त्यांच्या नेत्याने पैशाचे शास्त्र मुळापासून अभ्यासले होते, हा योगायोग नाही.

बँकेच्या वहीत जन्मणारा पैसा

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. देशातील बहुतेक पैसा प्रेसमध्ये छापलाच जात नाही. मार्च २०२४ मध्ये नोटा होत्या सुमारे ३५ लाख कोटींच्या, तर नोटा आणि बँकांतील ठेवी मिळून एकूण पैसा होता जवळपास २५० लाख कोटींचा. म्हणजे सात रुपयांत एक रुपया नोटेचा, बाकीचे सहा बँकेच्या वहीतील आकडे.

हे आकडे येतात कोठून? समजा एखाद्या भगिनीला शिलाई यंत्रांसाठी बँकेने ५०,००० रुपये कर्ज मंजूर केले. बँक त्यासाठी कोणा दुसऱ्या खातेदाराचे ५०,००० कमी करीत नाही. ती भगिनीच्या नावे कर्ज लिहिते आणि तिच्या खात्यावर तेवढीच रक्कम जमा दाखवते. भगिनी यंत्रे घेते, ती रक्कम दुकानदाराच्या खात्यात ठेव होऊन बसते. काल नव्हता तो पैसा आज तयार झाला. हप्ते फिटत जातात तसा तो पुन्हा नाहीसा होतो. मोबाइलवरून आपण पैसे पाठवतो तेव्हाही नोट हलत नाही, आकडे या खात्यातून त्या खात्यात जातात.

अर्थात बँकेला हे वाटेल तसे करता येत नाही. ठेवींचा काही भाग रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो, स्वतःचे भांडवल लागते आणि दिलेले कर्ज वसूल व्हावे लागते. पण मुद्दा असा, की बँक ज्याला कर्ज देते त्याच्यासाठी नवा पैसा जन्म घेतो. ज्याच्याकडे तारण आहे त्याच्या दारी तो आधी जातो. ज्याच्याकडे नाही तो सावकाराकडे किंवा दर आठवड्याला हप्ता वसूल करणाऱ्या कंपनीकडे जातो आणि दुसऱ्याने कमावलेला पैसा जबर व्याजाने उचलतो. प्रश्न नोटा वाटण्याचा नसून कर्जाच्या दाराचा आहे.

हे दार आपल्यासाठी कायद्याने थोडे तरी उघडे आहे. बँकांना आपल्या कर्जांचा ठराविक हिस्सा दुर्बल घटकांना द्यावा लागतो. २०२३-२४ पासून हे उद्दिष्ट १२ टक्के आहे. अनुसूचित जाती त्यात येतात आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या बांधवांनाही तो हक्क आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. बचत गट नीट चालवा, पासबुक स्वच्छ ठेवा, घेतलेले कर्ज वेळेवर फेडा. गोवर्धनच्या विणकरांची पत अशीच झाली असेल.

घरातल्यांनी लक्षात ठेवावे असे

पैसे ठेवताना बँक आणि पतसंस्था यांत फरक करा. बँकेतील ठेवीला, सहकारी बँकेसह, पाच लाख रुपयांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतील ठेवीला तो नसतो. जास्त व्याजाच्या आमिषाने मुलीच्या लग्नाचे पैसे गमावून बसलेली घरे आम्ही पाहिली आहेत.

फाटकी नोट दलालाला बट्ट्याने विकू नका. ती कोणत्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते, तिथे आपले खाते असण्याची गरज नाही. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सलग तुकडा अर्ध्याहून मोठा असेल तर पूर्ण रक्कम मिळते. पन्नास व त्यापुढील नोटेचा सलग तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण आणि ४० ते ८० टक्के असेल तर अर्धी रक्कम मिळते.

नोटेवर काही लिहू नका. पेनाने आकडा लिहिला म्हणून नोट बाद होत नाही. पण राजकीय वा धार्मिक मजकूर लिहिलेल्या नोटेवरील दावा बँकेला नाकारता येतो. काही तरुण प्रेमापोटी नोटेवर 'जय भीम' लिहितात. भावना चांगली, पण कष्टाची नोट त्यापायी अडकू शकते. जयंतीला आणि लग्नात नोटांचे हार घालणेही सोडावे. नोटांचे हार करू नका असे रिझर्व्ह बँक वारंवार सांगते, आणि २०२३-२४ या एका वर्षात नोटांच्या छपाईवर ५,१०१ कोटी रुपये खर्च झाले. हारातील त्याच नोटा मुलांच्या पुस्तकांना दिल्या तर बाबासाहेबांना ते अधिक आवडले असते.

नोट घेताना उजेडात धरून पाणचिन्ह पाहा, उठावदार छपाईवरून बोट फिरवा. पाचशेच्या नोटेचा धागा वाकवल्यावर हिरव्याचा निळा दिसतो. आणि मुलांना नोटेवर आपला वारसाही दाखवा. सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह प्रत्येक नोटेवर आहेत. २०१७ साली निघालेल्या दोनशेच्या नोटेवर सांचीचा स्तूप आहे, २०१९ च्या वीसच्या नोटेवर वेरूळची लेणी आहेत.

वचन मोडले की काय होते हे आपण ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाहिले. देशातील ८६ टक्के किमतीच्या नोटा एका घोषणेने बाद झाल्या. प्रेसच्या कामगारांनी जादा पाळ्या करून नव्या नोटा छापल्या, आणि मजूर अड्ड्यावरची माणसे कामाविना रांगेत उभी राहिली. पुढे रिझर्व्ह बँकेनेच सांगितले की बाद नोटांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक परत आल्या. ज्यांच्याकडे बँकेत ओळख होती त्यांनी सोय केली. रोजंदारीवाल्याचे बुडालेले दिवस मात्र परत आले नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाने विचारले की सरकार नोटा छापून का वाटत नाही, तर त्याला सांगा : बाळा, छापता येतो तो कागद. त्यामागची भाकरी कष्टाने तयार होते आणि त्यामागचे वचन पाळावे लागते. चलन किती काढले, कर्ज कोणाला दिले, भाव वाढला तेव्हा मजुरी वाढली की नाही, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. तो अधिकार वापरायचा तर हिशेब यायला हवा. आपल्या प्रत्येक घरात एक तरी मूल असे शिकावे, की जे अर्थसंकल्पाच्या दिवशी वर्तमानपत्र उघडून आईला सांगेल, यंदा आपल्या रुपयाचे काय होणार आहे.

जय भीम!